दोन ठोके, मग एक

साडूला त्याच्या भागीदाराने फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला त्यासाठी शेवटपर्यंत ताटकळायला नको. ताटकळण्याचं काम साडूने सगळ्यांच्या वाटचं करून ठेवलं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो प्रोग्रॅम लिहायचा. मी पाणीपुरवठ्यात चावीवाला होतो. जमिनीतल्या खड्ड्यात उतरून मोठे व्हॉल्व्ह फिरवायचे, हे माझं काम. चावी म्हणजे खिशातली नव्हे. छातीपर्यंत येणारी लोखंडी दांडी, वर आडवा हात, खाली चौकोनी तोंड. ती खांद्यावर घेऊन मी सगळी नोकरी काढली. त्यामुळे माणूस किती कामाचा, हे तो काय उचलतो त्यावरून ठरवायची मला सवय.

साडू काहीच उचलायचा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा गॅसची टाकी बदलायची होती. मी एक बाजू धरली आणि दुसरीकडे बघून खूण केली. हा टाकीभोवती फिरून आला आणि म्हणाला, हिला चाकं का लावत नाहीत? मी आत जाऊन बायकोला म्हटलं, तुझ्या बहिणीने माणसाशी नाही, खुर्चीशी लग्न केलंय. बायको म्हणाली, खुर्ची निदान घरी तरी असते. मी तेव्हा तिन्ही पाळ्या करायचो. विषय तिथेच मिटला.

जेवताना मी त्याला विचारलं, करता काय तुम्ही नेमकं? म्हणाला, झोपणारा प्रोग्रॅम लिहितोय. मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. हे मला पुढे कळलं, कारण त्याचं काम आमच्याच खात्यात आलं.

आमच्याकडे तेव्हा एक कारकून फोनला बसायचा. ओळीने एकेका टाकीला, एकेका पंपघराला फोन करायचा. पातळी किती, पंप चालू आहे का, व्हॉल्व्ह किती उघडा. एका ठिकाणचा माणूस फोनवर पाल्हाळ लावत बसला की दुसरीकडची टाकी भरून वाहायला लागायची. पाणी फुकट जायचं आणि शिव्या आम्हाला. शेवटी वरच्यांनी ठरवलं, प्रत्येक ठिकाणी एक पेटी बसवायची, तिथून मुख्य खोलीपर्यंत लाइन ओढायची, आणि सगळ्या लाइनींकडे एका मशीनने लक्ष द्यायचं. ते काम मिळालं साडूला आणि त्याच्या भागीदाराला.

दोघं कॉलेजात एका बाकावर बसलेले. टायरच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. दोन टेबलं आणि मध्ये कधीच नीट न लागणारी खिडकी. दिवसभर रबराचा वास. साडू लिहायचा, भागीदार बाहेरचं बघायचा. साहेबांशी बोलणं, जागा पाहणं, कुठे काय आहे त्याची माहिती काढणं, हे सगळं भागीदाराकडे. अनोळखी माणसाशी बोलणं साडूला जमायचं नाही. त्यामुळे ही वाटणी दोघांनाही सोयीची होती.

भागीदार मला पहिल्याच दिवशी आवडला. आम्ही खड्डे बघायला निघालो तर त्याने माझ्या खांद्यावरची चावी स्वतःहून काढून घेतली. दादा, द्या इकडे, म्हणाला. इस्त्रीचा शर्ट होता, त्यावर गंजाचा पट्टा उमटला, तरी चेहऱ्यावर काही नाही. माझ्या उभ्या नोकरीत कुठल्या साहेबाने चावीला बोट लावलं नव्हतं. चालताना तो विचारत राहायचा. हा व्हॉल्व्ह आधी का बंद करता, तो अर्धाच का ठेवता, पाणी उलटं कधी येतं. मी सगळं सांगितलं. चावी उचलणाऱ्यापासून काय लपवायचं? साडू आला की खड्ड्याच्या काठावर उभा राहून आत डोकावायचा. भागीदार शिडीने खाली उतरायचा, गुडघाभर गाळात उभा राहायचा, पाइपाला हात लावून बघायचा.

आमच्यात एक रीत आहे. तीही त्याने तिथेच शिकून घेतली. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

एका खड्ड्यातल्या माणसाला दुसऱ्या खड्ड्यातला दिसत नाही. ओरडून उपयोग नसतो. मग पान्ह्याने पाइपावर ठोकायचं, आवाज लोखंडातून पलीकडे जातो. एक ठोका म्हणजे समजलं. दोन ठोके, जरा थांबून आणखी एक, म्हणजे मी निघालो, माझी वाट बघू नकोस. त्यावर पलीकडच्याने एक ठोका परत द्यायचा. तो ऐकू आला की मगच शिडीला हात लावायचा. हे आम्हाला कुणी नियम म्हणून शिकवलं नाही. पण पलीकडचा माणूस तुमच्या भरवशावर अर्धा उघडा व्हॉल्व्ह पेलून उभा असतो. न ठोकता निघून गेलेल्या माणसाबरोबर आमच्यातला कुणी पुन्हा जोडीने उतरत नसे. भांडण नाही, काही नाही. नुसतं उतरायचं नाही.

भागीदार माझ्याबरोबर खाली असताना पलीकडून दोन आणि एक आले, तर उत्तराचा ठोका तो द्यायचा. पान्हा मागून घ्यायचा माझ्याकडून. मला कौतुक वाटायचं.

इकडे साडूचं चाललेलं. पहिल्यांदा त्याने प्रोग्रॅम असा केला की तो एकेका लाइनीपाशी जाऊन उभा राहायचा. पहिली बोलली की दुसरीकडे जायचा. पण पहिली गप्प बसली की प्रोग्रॅम तिथेच खिळला. बाकीच्या ओरडून मेल्या तरी त्याला पत्ता नाही. म्हणजे फोनवाल्या कारकुनाचीच दुसरी आवृत्ती. मग त्याने उलटं केलं. थांबायचंच नाही, पळत पळत सगळ्यांना विचारत सुटायचं, आहे का काही, आहे का काही. ते चाललं, पण मशीन तापलं, पंखा घरघरायला लागला, आणि नुसतं विचारण्यातच त्याचा सगळा जोर जायला लागला. मी म्हटलं, चांगलं आहे की, कष्ट तरी करतंय बिचारं. साडू म्हणाला, साडूभाऊ, हे कष्ट नव्हेत, ही तगमग आहे.

हे वाक्य मला लागलं. मी अशी माणसं पाहिली होती. दिवसभर इकडून तिकडे पळणारी, आणि संध्याकाळी व्हॉल्व्ह जिथल्या तिथे.

शेवटी त्याने केलं ते असं. मशीनच्या आत एक मुख्य व्यवस्था असते. सगळ्या लाइनी तिच्या हातात असतात. प्रोग्रॅम तिला म्हणतो, या माझ्या लाइनी. यांतलं कुणीही बोललं की मला उठव, तोवर मी झोपतो. आणि नुसतं ऐकण्यासाठीच नाही. पंपघराला हुकूम द्यायचा असेल आणि तिथली पेटी आधीच्याच हुकमांनी भरलेली असेल, तर वर आणखी ओतून चालत नाही. मग सांगून ठेवायचं, तिला घ्यायला सवड झाली की उठव. आणि कुणीच बोललं नाही, तरी ठरावीक वेळाने उठवच. सगळेच्या सगळे गप्प म्हणजे कुठेतरी तार तुटली असणार.

पंपावरच्या लोकांना हे कळल्यावर त्यांनी साडूचं नाव झोपमास्तर ठेवलं. झोपून पगार खाणारं मशीन बनवलंय म्हणायचे, एक आमच्यासाठीही बनवा. साडू खूश व्हायचा. त्याला वाटायचं, लोकांना त्याचं काम नीट समजलं. एका अर्थी समजलंही होतं.

मग ती वरच्या टाकीची गोष्ट झाली.

चाचणी चालू होती. मी टेकाडावरच्या टाकीच्या खोलीत पेटीपाशी होतो. काम संपलं, पाळी संपली. सांगितल्याप्रमाणे पेटीवरचं बटण दाबून मी लाइन बंद केली आणि उतरून आलो. खाली येऊन बघतो तर मुख्य खोलीत गोंधळ. पंखा किंचाळतोय, पडदा थिजलाय, आणि खालच्या टाकीचं पाणी आवारातून वाहत सायकली लावतात तिथपर्यंत आलेलं. भागीदार हसून म्हणाला, दादांनी आपला प्रोग्रॅम वेडा केला. साडू हसला नाही. तो खुर्ची ओढून तसाच बघत बसला. मग त्याला दिसलं काय झालं ते.

त्याने मला नंतर समजावून सांगितलं आणि मी ते विसरलेलो नाही. तार तुटली तर लाइन गप्प होते. गप्प लाइन कधीतरी लक्षात येते. पण पलीकडच्याने आपणहून लाइन बंद केली, तर ती गप्प होत नाही. व्यवस्था तिला तयार, म्हणजे काहीतरी सांगायला आलेल्या, लाइनींत धरते. प्रोग्रॅमला उठवते, म्हणते हिच्याकडे बघ. प्रोग्रॅम उठतो, वाचायला जातो, आत काही नाही. रिकामं. तो परत झोपायला जातो, तर पुन्हा हाक, हिच्याकडे बघ. पुन्हा रिकामं. असं अखंड. जो निघून गेला आहे, तोच सगळ्यांत तत्पर. त्याच्या नादात प्रोग्रॅम खऱ्या बोलणाऱ्यांचं ऐकायला उशीर करतो.

मी विचारलं, मग ओळखायचं कसं? साडू म्हणाला, सोपं आहे. तयार म्हणते, आणि वाचलं तर रिकामं, म्हणजे पलीकडचा गेला. तिला आपल्या लाइनींतून काढून टाकायचं. हे मी लिहायला पाहिजे होतं. नवखे विसरतात तसा विसरलो.

चार ओळी लिहिल्या त्याने. मग मला विचारलं, तुम्ही लोक खड्ड्यातून निघताना काय करता? मी टेबलावर बोटाने ठोकून दाखवलं. दोन, मग एक. त्याने तोच आवाज प्रोग्रॅममध्ये घातला. कुठल्याही ठिकाणची लाइन पलीकडून बंद झाली की मुख्य खोलीतल्या स्पीकरमधून लोखंडावर पडल्यासारखे दोन ठोके, जरा थांबून एक. एकदाच. म्हणजे बसलेल्या माणसाला कळावं की अमुक गेला, आता त्याच्यावर विसंबू नकोस. पंपावरच्या सगळ्यांना तो आवाज आवडला. आमचाच होता तो.

हे मशीन आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललं. मी निवृत्त झालो तरी चालू होतं. या काळात माझं साडूबद्दलचं मत बदललं. एकदा तो आमच्याकडे दुपारी आला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला. चेहरा असा ओढलेला की खड्ड्यातून वर आलेला माणूस. मी बायकोला म्हटलं, याने आज काहीतरी उचललंय. ती म्हणाली, तुम्हाला आत्ता दिसलं?

त्याने उचललं होतं ते नव्या योजनेचं काम. गावाबाहेर मोठा प्रकल्प उभा राहत होता. इतकी पंपघरं, इतक्या टाक्या, की जुना प्रोग्रॅम पुरला नसता. जुन्यात व्यवस्था नुसती म्हणायची, कुणीतरी हाक मारली. मग प्रोग्रॅमने उठून दारोदार जाऊन बघायचं, कुणी मारली. थोडी दारं असतात तोवर ठीक. शेकडो असली की उठून फिरण्यातच दम जातो. साडूने तो सगळा पाडून नव्याने बांधला. आता व्यवस्था ज्यांनी हाक मारली तेवढ्यांचीच नावं हातात द्यायची. शिवाय एखादी लाइन फार बडबडी असली तर तिचं थोडंसं ऐकायचं आणि पुढच्याकडे वळायचं, म्हणजे शेवटच्या गरिबाचाही नंबर लागतो. भागीदाराने त्याला सांगितलं होतं, हे आपण दोघंच करणार. तू फक्त तयार ठेव, बाकी माझ्यावर सोड. साडूने तयार ठेवलं, आणि दाखवायला म्हणून एक प्रत भागीदाराला दिली.

त्यानंतर भागीदार टायरच्या दुकानावरच्या खोलीत कमी यायला लागला. मोठ्या कंपनीबरोबर बोलणी चालली आहेत म्हणायचा, तिच्यामार्फतच योजना मिळेल. मग तो तिथेच बसायला लागला. त्यांचा विश्वास मिळवायला तिथे असावं लागतं, असं त्याने सांगितलं. साडूला पटलं. बाहेरचं तो बघतो, ही वाटणी जुनीच होती.

आणि साडू वाट बघायला लागला.

फोन केला की भागीदार पहिल्या घंटीला उचलायचा. अरे, आत्ता तुझंच नाव निघालं होतं. पुढच्या आठवड्यात बसू. वरच्यांपर्यंत गेलंय, बघतो. तू काळजीच करू नकोस. साडू फोन ठेवून आम्हाला सांगायचा, बघा, लगेच उचलला. कुणी टाळणारा असता तर उचलला असता का? मीसुद्धा मान डोलवायचो. मला तो शर्टावरचा गंज आठवायचा.

दरम्यान छापखान्याची मशीनं बनवणाऱ्या एका कंपनीने साडूला बोलावलं. चांगली जागा होती. वय बघता पुन्हा कुणी विचारेल अशी नव्हती. साडूने नाही म्हटलं. योजना सुरू झाली की मला वेळ कुठे असणार, म्हणाला. मेव्हणी एरवी फार बोलणारी नाही. त्या दिवशी ती आमच्याकडे आली, बहिणीशी न बोलता सरळ माझ्यासमोर बसली.

'भाऊजी, तुम्ही समजवा यांना. फोनपाशी असे बसतात जसा काही तोच जेवायला वाढणार आहे.'

मी तिला म्हटलं, भागीदार तसा माणूस नाही. मी त्याच्याबरोबर खड्ड्यात उतरलोय. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग स्वयंपाकघरात गेली. ते बघणं मला नंतर बरेच दिवस पुरलं.

नवी योजना सुरू झाली ते आम्हाला कळलंच नाही, असं झालं. कळलं ते असं. जुन्या लाइनी नव्या लाइनींना जोडायच्या होत्या, आणि जुने व्हॉल्व्ह नेमके कुठे गाडले गेलेत हे कुणाला माहीत नव्हतं. रस्ते वर आले होते, झाकणं डांबराखाली गेली होती. म्हणून त्यांनी आम्हा निवृत्त चावीवाल्यांना बोलावलं. मी माझी चावी घेऊन गेलो. दोन जागा दाखवून झाल्यावर तिसरीसाठी पाणी बंद करायला सांगायचं होतं, म्हणून लोखंडी जिना चढून कंट्रोल रूममध्ये गेलो. काचेची खोली, भिंतभर पडदा, एक ऑपरेटर चहा पीत बसलेला.

मी दारातच होतो. स्पीकरमधून दोन ठोके आले. जरा थांबून एक.

माझा हात आपोआप उत्तराला पान्हा शोधायला लागला. ऑपरेटरने पडद्याकडे बघितलं, म्हणाला कुठल्याशा पंपघरात दुरुस्ती आहे, लाइन बंद केली त्यांनी. मी विचारलं, हा आवाज कसला? म्हणाला, काही नाही, या प्रोग्रॅमचा आवाजच तसा आहे. साहेबांनी केलाय प्रोग्रॅम. कुठले साहेब, विचारायची वेळ आली नाही, कारण आतल्या दारातून भागीदार बाहेर आला.

तो क्षणभर थबकला. मग नेहमीचं हसू आलं. पुढे होऊन त्याने माझ्या खांद्यावरच्या चावीला हात घातला.

'दादा, द्या इकडे. अजून हीच वागवताय?'

मी चावी सोडली नाही. त्याने जरा ओढली, मी सोडली नाही. ऑपरेटर बघत होता. मग भागीदाराने हात काढला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की कंपनीने घाई केली, नाव कुणाचं लावायचं ते त्याच्या हातात नव्हतं, साडूला तो स्वतःच सांगणार आहे. योग्य वेळ आली की. तोवर मी बोलू नये. त्याला उगाच त्रास होईल.

म्हणजे केसाने गळा कापायचा, आणि केसाचं दुसरं टोक माझ्या हातात द्यायचं. मी तिसरा व्हॉल्व्ह दाखवला नाही. सरळ साडूकडे गेलो.

साडू खिडकीशी बसला होता. मी पाणीसुद्धा न पिता सांगितलं. दोन ठोके ऐकले, मग एक. नव्या कंट्रोल रूममध्ये. तिथे भागीदार बसतो. प्रोग्रॅम त्याचा म्हणतात. मेव्हणी दारात उभी राहून ऐकत होती.

साडूने पहिला प्रश्न विचारला तो असा, ठोके एकदाच वाजले की वाजत राहिले? मी म्हटलं, एकदाच. मग विचारलं, त्यानंतर बाकीच्या ठिकाणचे आकडे पडद्यावर बदलत होते का? मी म्हटलं, बदलत होते. मग बरोबर चाललंय, तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. खरं सांगतो, आलं. शेकडो लाइनींवर ते कसं चालेल याची त्याला काळजी होती, आणि तो ते आजवर कुठे चालवून बघू शकला नव्हता.

मग ते समाधान गेलं. जाताना दिसलं.

मेव्हणीने चहा आणून ठेवला, तो गार झाला. शेवटी साडू म्हणाला, 'तयार म्हणतोय आणि वाचलं तर रिकामं. मशीनला हे चार ओळींत शिकवलं मी, साडूभाऊ.'

मेव्हणी म्हणाली, 'अहो, मीही तेच सांगत होते.' तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर निघाला. चला म्हणून मी म्हटलं नव्हतं. मला उरलेला व्हॉल्व्ह दाखवायचाच होता, काम अर्धं टाकून आल्यामुळे मला चैन पडत नव्हती, म्हणून चावी बरोबर होती. जिना त्याने हळूहळू चढला. कठड्याला धरून, लोखंड हलतंय का बघत.

भागीदार पडद्यासमोर उभा होता. साडूला बघून त्याने दोन्ही हात पसरले. अरे ये, ये. आजच फोन करणार होतो तुला.

साडू त्याच्याकडे न बघता पडद्यापाशी गेला आणि बघत उभा राहिला. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. एखादं पंपघर बोललं की त्याचा आकडा बदलायचा, मग दुसऱ्याचा, मग लांबच्या एखाद्या टाकीचा. कुणाची रांग अडत नव्हती. छान चाललंय, साडू म्हणाला. ते ऐकून भागीदाराला हायसं वाटलं असावं. तो बोलायला लागला. कंपनीची पद्धत, वरचे लोक, दुसरा टप्पा येतोय त्यात तूच असणार, नाव कुठेतरी घालायचं बघतो. साडूने त्याला बोलू दिलं. मग विचारलं.

'हे सुरू झालं त्या दिवशी मला सांगावंसं वाटलं नाही तुला?'

'सांगणारच होतो रे. वेळ बघत होतो.'

'मी फोन केला की तू लगेच उचलायचास.'

'मग? उचलायला नको होता?'

'नसतास उचलत तर बरं झालं असतं. मला कळलं असतं.'

भागीदार म्हणाला, 'तुला वाईट वाटलं असतं.'

हे तो मनापासून म्हणाला, असं मला वाटतं. त्यामुळेच मला त्याचा जास्त राग आला. लबाड माणूस लबाडी लपवतो, ते एक वेळ समजतं. याला आपण साडूवर उपकार केले असं वाटत होतं. गाळात उभा राहून पाइपाला हात लावणारा माणूस मला आठवला. तो खोटा नव्हता. त्याने त्या दिवशी खरोखर वजन उचललं होतं. त्याला वाटेत जे विचारायचं होतं त्याचं ते भाडं होतं, एवढंच. माझं माप चुकलं नाही, मी मोजली ती वस्तू वेगळी होती.

साडू दारापाशी आला. मी चावी खांद्यावरून उतरवून उभा होतो. त्याने माझ्याकडे हात केला. मला आधी समजलं नाही. मग मी चावी त्याच्या हातात दिली. वजनाने तो खाली वाकला, मी पुढे झालो, त्याने मानेने नको म्हटलं. दोन्ही हातांनी त्याने ती वर घेतली आणि जिन्याच्या लोखंडी कठड्यावर मारली. एकदा. परत एकदा. जरा थांबला. मग तिसऱ्यांदा.

ऑपरेटर स्पीकरकडे बघायला लागला.

भागीदाराला त्याचा अर्थ माहीत होता. ज्याने माझ्याकडून पान्हा मागून घेऊन किती वेळा उत्तर दिलं, त्याला माहीत असणारच. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तो टेबलाला धरून उभा होता, आणि टेबलाचे पाय लोखंडाचे होते. उत्तराच्या एका ठोक्याला बोटातल्या अंगठीनेसुद्धा भागलं असतं.

आम्ही जिना उतरायला लागलो. चावी साडूकडेच होती. तिचं टोक प्रत्येक पायरीवर आपटत होतं. मधल्या वळणावर तो थांबला. चावी उचलून धरली, म्हणजे तिचा आवाज होऊ नये. मीही श्वास रोखला. खालून पंपांची घरघर येत होती, वर दाराची काच हलत होती. उत्तराचा ठोका आल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही, ही रीत मीच त्याला सांगितलेली.

तो थांबायचा तेवढा थांबला. त्याच्या प्रोग्रॅममध्येही असंच आहे, कुणी बोललं नाही तरी कायमचं थांबायचं नाही.

'चला,' म्हणाला.

खाली आल्यावर मी चावी मागितली, पुढच्या व्हॉल्व्हवर मला लागणार होती. त्याने दिली नाही. कुठे आहे तो व्हॉल्व्ह, विचारलं, आणि खांदा बदलत, मध्ये मध्ये थांबत, तिथपर्यंत घेऊन आला. शर्टावर गंजाचा पट्टा उमटला होता. वाटेत त्याने मला एक शब्द विचारला नाही.